दोन भोकांचं बटण

आत्या टेबलाखाली उताणी पडली होती. दातात टॉर्च, चष्मा कपाळावर, एक पाय खुर्चीच्या चाकात अडकलेला. कंप्युटरच्या डब्याचं झाकण उघडं होतं आणि आत्याचं नाक आतल्या पंख्यापासून वीतभर लांब.

"काय लिहिलंय?" स्टुलावर बसलेल्या कानसाहेबांनी विचारलं.

"ऊंऊं ऊं."

"टॉर्च काढा तोंडातून आणि मग बोला. मी आंधळा आहे, बहिरा नाही, पण हे मलाही कळलं नाही."

आत्यानं टॉर्च काढला. "सात, क्यू, चार, एन. शेवटचे चार."

"सात क्यू चार एन. ही जुनी?"

"जुनी. हे धरा." डिस्कच्या केबलला कापडाची एक पट्टी बांधली होती, तिचं टोक आत्यानं त्यांच्या हातात दिलं. कानसाहेबांनी अंगठ्यानं चाचपलं. पट्टीवर शर्टाचं बटण शिवलेलं होतं.

"दोन भोकं."

"दोन भोकं म्हणजे?"

"म्हणजे हात लावाल तर हात मोडीन."

"शाब्बास. आता या दोन नव्या. दोन्हींना चार भोकांची बटणं आहेत. एकीला एक बटण, दुसरीला दोन."

"आत्याबाई, एवढं तर लोक बाळंतिणीला जपत नाहीत."

"बाळंतिणीला घरचे असतात. हिला आपण दोघंच आहोत."

शनिवारची सकाळ, आठ वाजलेले. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान, वर कुणाचं तरी शिलाई मशीन दिवसभर खडखडणारं. या खोल्यांत बोलती पुस्तकं तयार होतात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लोक इथं येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचतात, ते रेकॉर्ड होतं, आणि मग फोनवरून ज्याला हवं तो ऐकतो. कानसाहेबांचं काम तपासण्याचं. वाचणारा कुठं अडखळला, कुठं ओळ सुटली, कुठं पोटात गुरगुरलं, सगळं त्यांना ऐकू येतं. दुप्पट वेगानं ऐकतात आणि तरी पकडतात. म्हणून ते कानसाहेब.

आणि कंप्युटरचं सगळं आत्याकडं. आत्या इथं कुणाचीच सख्खी आत्या नाही. तिचा भाचा लहानपणी तिच्यासोबत इथं यायचा, आत्या आत्या करत खोल्यांतून पळायचा, मग सगळेच म्हणायला लागले. सातवीनंतर तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शाळा सोडलेल्याला डोकं नसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येऊन तिच्या टेबलासमोर उभं राहावं. पाच मिनिटांत घाम फुटेल.

ती आली होती रजया शिवायला. पंधरा वर्षांपूर्वी. त्याआधी टेलरच्या दुकानात अल्टरचं काम करायची, घट्ट झालेलं ढिलं, ढिलं झालेलं घट्ट. रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज घुमायचा म्हणून कुणीतरी सांगितलं, भिंतीला जाड रजया लावा. आत्यानं मापं घेतली, अकरा रजया शिवल्या, स्वतः शिडीवर चढून टांगल्या. मग खाली उतरून टाळी वाजवली. टाळी मेल्यासारखी वाजली, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. त्यानंतर ती गेलीच नाही. कंप्युटर सांभाळणारा पोरगा चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेला आणि मागं चाळीस पानांची एक वही ठेवून गेला. आत्यानं ती वही वाचली. एकदा नाही, जेवढ्या वेळा कळत नाही तेवढ्या वेळा. जिथं अडलं तिथं भाच्याला फोन. भाचा आता दुसऱ्या शहरात मोठमोठ्या मशीनींवर काम करतो, आणि फोनवर आत्याची बोलणी खातो.

तर शुक्रवारी काय झालं ते आधी सांगायला हवं.

शुक्रवारी दुपारी कंडक्टरकाका आत बसून वाचत होते. बसमध्ये बत्तीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस. आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला उठून बसेल, आणि तोच आवाज पुस्तक वाचताना असा मऊ व्हायचा की ऐकणारा झोपायचं विसरेल. एका घराच्या चार पिढ्यांची जाडजूड कादंबरी, चौसष्ट प्रकरणं. पंचावन्न झाली होती, नऊ राहिली होती. आणि सोमवारी सकाळी सात वाजता काकांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढणार होते. जीव वाचणार होता, डॉक्टर त्याबद्दल ठाम होते. आवाज जाणार होता, त्याबद्दलही ठाम होते.

"सोमवारी माझी घंटी काढून घेणार," काका म्हणायचे. "तोवर गाडी शेवटच्या स्टॉपला लावायची. मधेच उतरवलेले प्रवासी शिव्या घालतात, मला माहीत आहे ना."

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी डिस्क भरली. पूर्ण. रेकॉर्डिंग वाक्याच्या मधेच थांबलं. आत दिवा लागलेला, काका वाचतायत, आणि मशीन काहीच घेत नाहीये. अकरा मिनिटं ते रिकाम्या माइकला वाचत होते. दुखऱ्या घशानं. आत्या पाणी घेऊन आली आणि पडद्यावरची ओळ तिनं वाचली, तेव्हा तिनं काचेवर टकटक करून त्यांना थांबवलं.

काका बाहेर आले. सगळे पडद्याभोवती गोळा झाले होते.

"काय झालं? कुणी गेलं का?"

"तुमची अकरा मिनिटं गेली, काका," आत्या म्हणाली. "जागा संपली. माझी चूक आहे. चार महिने नव्या डिस्का डब्यात पडून आहेत. मी बसवल्या नाहीत."

काकांनी गरम पाण्याचा घोट घेतला. "अकरा मिनिटं ना? बत्तीस वर्षांत त्याहून जास्त वेळ मी रेल्वेच्या फाटकापाशी उभा राहिलोय. उद्या येतो."

नव्या डिस्का चार महिने का पडून होत्या, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आत्यानं अशीच एक नवी डिस्क जोडली होती. कंप्युटर प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतो: ए मशीनची स्वतःची, मग बी, सी. आत्यानं कागदावर लिहून घेतलं, नवी ती सी. मग मशीन बंद करून चालू केलं. आता ही अक्षरं काय पाचवीला पुजलेली नसतात. चालू होताना ज्या डिस्कनं आधी ओ दिली तिला आधीचं अक्षर. त्या दिवशी जुनी झाली सी आणि नवी झाली बी. आत्यानं कागद बघून सी लिहिलं. मशीननं विचारलंसुद्धा, यावर आधीचं काहीतरी दिसतंय, पुसू का? आत्याला वाटलं, नव्या डिस्कवर कारखान्याचं काहीतरी असेल. तिनं हो म्हटलं.

लहान मुलांच्या एकशे बारा गोष्टी गेल्या.

तिला कुणी रागावलं नाही, तेच वाईट झालं. कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तर मोकळी झाली असती. कंडक्टरकाकांनी फक्त विचारलं, "कुठल्या कुठल्या गेल्या त्याची यादी आहे का?" आणि सहा महिने आठवड्याला चार, कधी पाच, अशा एकशे बारा गोष्टी पुन्हा वाचून काढल्या. वाघाच्या वाघासारख्या, उंदराच्या उंदरासारख्या. त्या माणसाची नऊ प्रकरणं आता आत्याच्या हातात होती.

शुक्रवारी संध्याकाळी भाच्याशी फोन झाला. भाचा म्हणाला, "आत्या, सोपं कर ना. काकांचं कच्चं रेकॉर्डिंग उडव, जागा होईल."

"कच्च्यातूनच पक्कं करायचंय अजून. कापड फेकून शर्ट कशाचा शिवू?"

"मग नवी डिस्क वेगळी जोड आणि उरलेलं तिच्यावर घे."

"पुस्तक अर्धं इथं आणि अर्धं तिथं? ते प्रकरणं जोडणारं सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी मागतं. आणि वर्षानं पुन्हा भरलं की पुन्हा तेच. नाही. तू मला ते दुसरं शिकवलंस ना, तागा जोडायचं, तेच करायचं."

तागा जोडणं हा आत्याचा शब्द. भाच्यानं पूर्वी इंग्रजीत तासभर समजावलं होतं, आत्यानं ते एका वाक्यात बसवलं. दोन डिस्का म्हणजे कापडाचे दोन तागे. आधी दोन्ही तागे धुऊन तयार करायचे, म्हणजे मशीनला कळतं की हे कापड आता आपलं. मग दोन्ही जोडून एकच मोठा तागा करायचा. आणि त्यातून हवे तेवढे तुकडे काढायचे, एक पुस्तकांना, एक कच्च्याला. यातली गंमत अशी की तुकडा कमी पडला तर तो अंगावर असतानाच ताग्यातलं उरलेलं कापड त्याला जोडता येतं. शर्ट काढायला लागत नाही. आत्याला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं हातातली वही मिटून ठेवली होती. "आमच्या दुकानात हे असतं," म्हणाली, "तर निम्मी गिऱ्हाइकं रडली नसती."

आणि त्या रात्री घरी बसून तिनं बटणं शिवली.

तर शनिवार. आत्या टेबलाखालून बाहेर आली, केस झटकले, मशीन चालू केलं. फोन स्पीकरवर टेबलावर. भाचा पलीकडे काहीतरी चावत होता.

"खाऊन घे आधी," आत्या म्हणाली. "आपल्याला घाई नाही."

"आत्या, तूच म्हणालीस दुपारी रेकॉर्डिंग आहे."

"म्हणूनच घाई नाही."

आत्यानं नियम केला होता. कुठलीही कमांड लिहून झाली की एन्टर मारायचं नाही. आधी मशीनकडून त्या डिस्कचा नंबर मागायचा. आत्या तो मोठ्यानं वाचणार, कानसाहेब हातातली पट्टी चाचपून सांगणार की हा नंबर कुठल्या बटणाचा. दोघांचं जुळलं तरच एन्टर. कानसाहेबांना तीन नंबर पाठ करायला दोन सेकंद लागले. त्यांना पंचावन्न प्रकरणांतल्या चुका पाठ होत्या.

"आता बघ," भाचा म्हणाला. "जुनी आहे बी. नव्या झाल्या सी आणि डी. आधी डी तयार करू. लिही."

आत्यानं लिहिलं. बोट एन्टरवर नेलं नाही. नंबर मागितला. पडद्यावर ओळ आली.

"डी," आत्या वाचायला लागली. "सात. क्यू. चार..."

ती थांबली. कानसाहेबांचा अंगठा पट्टीवर थांबला.

"एन," ते हळूच म्हणाले. "दोन भोकं."

वरचं शिलाई मशीन तेवढं खडखडत होतं.

"काय झालं?" भाचा म्हणाला. "हॅलो? अरे हां, अक्षरं फिरली का? होतं असं. मग बी आणि सी घे, त्याच नव्या असणार."

"होतं असं," आत्या म्हणाली. तिनं लिहिलेली ओळ एकेक अक्षर मागं जात पुसून काढली. मग उठली आणि बाहेर गेली.

सायकलच्या दुकानासमोर दोन चाकं उलटी टांगलेली होती. आत्या त्यांच्याकडं बघत उभी राहिली. दोन्ही हात काखेत दाबून धरले. कंडक्टरकाका थर्मास घेऊन रस्ता ओलांडत येत होते, सांगितलेल्या वेळेच्या चार तास आधी.

"तुम्हाला दुपारी बोलावलं होतं."

"घरी तुझी काकू बोलू देत नाही. घसा जप, घसा जप. म्हटलं तिथं जाऊन जपतो." त्यांनी तिच्याकडं बघितलं. "पुन्हा तेच?"

"होता होता राहिलं."

"राहिलं ना?"

"काका, आज पकडलं. पुढच्या एन्टरला चुकले तर? हात गेला एकदा की गेला. तुमची पंचावन्न जातील. मी नाही करत. फोनवर रेकॉर्ड करू उरलेलं, कसंही येवो."

काका पायरीवर बसले. थोडं पाणी ओतून घेतलं. बोलताना आता त्यांना मधे थांबावं लागत होतं.

"आमच्या ड्रायव्हरला आरसे होते तीन. चांगला ड्रायव्हर, डोळे घारीसारखे. तरी गाडी मागं घेताना मी खाली उतरायचो. मागं जायचो, एखादं पोर, कुत्रं, म्हातारी असली तर हाताला धरून बाजूला करायचो, मग शिट्टी. लोक म्हणायचे, आरशात दिसतं की. म्हटलं दिसतं. पण मागं कुणी नसलंच तर आरसा चुकून चुकून किती चुकेल?"

आत्या पायरीपाशी आली. मग काखेतून हात काढले.

"तुम्ही इथंच बसा. बोलू नका. एक शब्द बोललात तर काकूंना फोन करेन."

आत आली आणि थेट मशीन बंद केलं.

"आत्या? पंख्याचा आवाज गेला. काय केलंस?" भाचा.

"बंद केलं. दोन भोकंवालीची केबल काढते."

"अगं काही गरज नाही! नंबर कळलेत आता आपल्याला."

"तुला गरज नाही, मला आहे. ती आतच नसेल तर मी कितीही चुकले तरी तिला काही होणार नाही."

भाचा म्हणाला, "बरोबर आहे. आमच्याकडं हे कुणी करत नाही. करायला पाहिजे."

"तुमच्याकडं कंडक्टर नाही," आत्या म्हणाली आणि पुन्हा टेबलाखाली गेली.

जुनी डिस्क बाहेर आली. आत्यानं ती रुमालात गुंडाळून कानसाहेबांच्या मांडीवर ठेवली. "हिच्यावरून हात काढायचा नाही." आणि कानसाहेबांनी खरंच काढला नाही. चहा आला तर तोही डाव्या हातानं प्यायले.

मग सगळं भराभर झालं. अशी कामं भीती गेली की दहा मिनिटांची असतात. नंबर वाच, बटण चाचप, एन्टर. पहिला तागा तयार. नंबर, बटण, एन्टर. दुसरा तयार. या वेळी मशीननं पुसू का म्हणून विचारलं नाही, कारण पुसायला काही नव्हतंच. दोन्ही जोडले. एक नाव दिलं. पुस्तकांचा तुकडा काढला, कच्च्याचा काढला.

"आता उरलेलं सगळं पुस्तकांना देऊन टाक," भाचा म्हणाला.

"नाही."

"जवळजवळ एक चतुर्थांश उरतंय, आत्या. पडून राहील."

"राहू दे. तुकडा वाढवता येतो, तूच सांगितलंस. कमी करताना जीव जातो, तेही तूच सांगितलंस. शिवणीत कापड ठेवलेलं बरं."

"कशासाठी पण?"

"सगळ्यालाच आत्ता कारण लागतं का रे तुला?"

कानसाहेबांनी मान वळवली. आत्याच्या आवाजात काहीतरी बदललं होतं.

मशीन पुन्हा बंद करून जुनी डिस्क जोडली आणि चालू केलं. या वेळी तिच्यावर काही लिहिता येणार नाही, फक्त वाचता येईल असं करून. जुन्यावरून नव्यावर कॉपी सुरू झाली. साडेनऊला लावली. पंखा असा गरगरायला लागला की रेकॉर्डिंगच्या खोलीत कुणाला बसवणं शक्य नव्हतं. सगळे थांबले. काका पायरीवर, कागदावर लिहून सायकलवाल्याशी भांडत. त्यानं विचारलं, काका मौन का? काकांनी लिहिलं, आत्यानं तिकीट दिलं नाही.

दोन वाजता कॉपी संपली. आत्यानं आधी काकांचं पुस्तक तपासायला घेतलं. प्रत्येक फाईलचा मशीनकडून ठसा काढायचा, जुनीचा आणि नवीचा, दोन्ही जुळले पाहिजेत. एकतिसावं प्रकरण जुळेना. आत्याच्या कपाळावर आठी आली, एवढंच. जुनी होती ना. पुन्हा कॉपी केली. जुळलं. मग कानसाहेबांनी हेडफोन लावून चार ठिकाणी बोट ठेवून ऐकलं.

"एकतिसाव्यात काका शिंकलेत," ते म्हणाले. "ती शिंकही आली आहे. सगळं आलंय."

बाकीची तपासणी संध्याकाळी, जुनी पुन्हा जोडून करायची ठरली. तोवर जुनी डिस्क पुन्हा काढली, रुमालात बांधली. भाचा म्हणत होता, तीही आता ताग्याला जोडून टाक. आत्या म्हणाली, दोन तागे जोडलेत, त्यातला एक फाटला तर दोन्ही जातात, मग मी कुणाकडं बघू? तपासणी झाल्यावर जुनी डिस्क कानसाहेबांच्या घरी, कपाटात, स्वेटरच्या खाली जाऊन पडली. दोन भोकांचं बटण अजून बांधलेलं. अजून तिथंच आहे.

पावणेतीनला काका आत बसले. दिवा लागला. आत्यानं काचेतून खूण केली.

त्या दिवशी तीन प्रकरणं झाली. रविवारी सहा. शेवटची दोन वाचताना काकांचा आवाज फाटत होता. कानसाहेब म्हणाले, थांबवू या, हे चालणार नाही. मग स्वतःच म्हणाले, चालेल. त्या घराची म्हातारी त्या प्रकरणात असंच बोलते. पावणेपाचला काकांनी शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि माइकमध्ये म्हणाले, "शेवटचा स्टॉप. सामान बघून उतरा." कानसाहेबांनी ते वाक्य कापायला हवं होतं. कापलं नाही. आजही त्या पुस्तकाच्या शेवटी ते ऐकू येतं, आणि एकाही ऐकणाऱ्यानं तक्रार केलेली नाही.

"कानसाहेब, तुम्ही निघा," आत्या म्हणाली. "मी काकांना पाणी देते आणि कुलूप लावते."

"मी थांबतो की."

"निघा म्हटलं ना. तुमची बस चुकेल."

सोमवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. काका तिकडूनच लेकीकडं राहायला गेले, दुसऱ्या गावी, कारण तिथं घर तळमजल्यावर होतं आणि नात होती. तिला ते चिमणी म्हणतात. म्हणायचे. अधूनमधून काकूंचा फोन यायचा, जेवतायत, चालतायत, चिडतायत. चिडतायत ऐकून सगळ्यांना बरं वाटायचं.

सात आठवड्यांनी एका सकाळी ऑफिसचा फोन वाजला. आत्या बाहेर गेली होती, कानसाहेबांनी उचलला.

"पुढं सरका, पुढं सरका," फोनमधून आवाज आला. "दारात उभं राहू नका."

कानसाहेबांनी फोन कानाशी घट्ट धरला. तो आवाज. तोच, घंटेसारखा, घशाला काही झालेलं नसतानाचा नाही, त्या रविवारचा, किंचित फाटलेला. त्यांच्या कानाला त्यात चूक होणं शक्यच नव्हतं.

"काका?"

थोडा वेळ काहीच नाही, नुसतं टकटक. मग तोच आवाज. "ओळखलं का?" पुन्हा टकटक. "आत्या कुठं आहे?" आणि मागं एक लहान पोरगी खदखदून हसत होती.

आत्या आली तेव्हा कानसाहेब मशीनसमोर बसले होते. त्यांचं मशीन त्यांना सगळं वाचून दाखवतं. त्यांनी ताग्यातल्या तुकड्यांची यादी वाचायला लावली होती. पुस्तकं. कच्चं. आणि तिसरा एक, ज्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं. नाव होतं घरचं. काढलेला रविवारी, पाच वाजून दहा मिनिटांनी. आत चारशे अकरा लहान लहान फायली.

"आत्याबाई, हे काय?"

"तुमच्या कामाचं नाही ते. हात लावू नका."

"माझी बस चुकेल म्हणालात त्या दिवशी."

"चुकली असतीच."

पुढचं आत्यानं कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, पुष्कळ महिन्यांनी. काका दिवसभर घरात काय काय बोलतात, ते आत्या काकूंना फोनवर विचारून एका वहीत लिहून घेत होती. चष्मा कुठं ठेवलास. कोण आहे दारात. हे काय, आज मीठ घालायचं राहिलं का. चिमणीचं नाव तीन तऱ्हांनी, हाक मारताना, रागावताना आणि झोपवताना. त्या रविवारी काकांनी ते सगळं वाचून काढलं, आणि भाच्यानं पुढं ते फोनच्या बटणांवर बसवून दिलं. वही आता काकूंकडं आहे. तिच्या पहिल्या पानावर तारीख आहे, आणि ती तारीख डिस्क भरली त्या शुक्रवारची नाही. ऑपरेशनची बातमी आली त्या दिवसाची आहे, पाच आठवडे आधीची. तेव्हा नव्या डिस्का डब्यात बंद होत्या आणि आत्या सगळ्यांना सांगत होती की ती त्यांना जन्मात हात लावणार नाही.